हरकत नाही, सूचना आहे
(सेलू येथील युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला सांगितलं होतं की तरुणांसमोर करिअरवर बोला. पण करिअरवर बोलणारे तुम्हाला मोबाइलवर रोज भेटतात. मी आज घरावर बोलणार आहे. आपल्या गावात नवी घरं व्हावीत की नाही, ती कोणासाठी व्हावीत आणि त्या वेळी आपण कुठं उभं राहावं, एवढाच विषय आहे.

सेलू वाढतंय हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. नागपूर–वर्धा रस्ता चौपदरी झाला. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. एका बाजूला बुटीबोरीची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला वर्धा शहर. अशा ठिकाणी शेताच्या बांधावर दगड रोवले जातात, मुरूम पडतो, आणि ‘एन.ए. प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी लागते. आपण सगळे त्या पाट्या वाचत मोठे झालो. प्रश्न एवढाच आहे की त्या पाटीखालचा प्लॉट घेणारा माणूस कोण आहे.

बहुतेक वेळा तो इथं राहणार नसतो. पैसे गुंतवून ठेवायचे म्हणून घेतो, तारेचं कुंपण करतो आणि भाव वाढायची वाट बघतो. म्हणजे गाव वाढताना दिसतं, पण घर नसलेल्याला घर मिळतंच असं नाही. मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांमध्ये तीन भाऊ, त्यांच्या बायका आणि अम्मी-अब्बू राहतात, आणि अर्ध्या किलोमीटरवर चाळीस प्लॉट रिकामे पडलेले असतात. म्हणून मला लेआउटपेक्षा घरकुलांच्या वसाहतीबद्दल बोलायचं आहे. जिथं माणसं राहायला येतात, अशा वसाहतीबद्दल.

अशी वसाहत येणार म्हटलं की काय होतं, हे तुम्ही आसपासच्या कोणत्याही गावात पाहू शकता. आधी कुजबूज होते. मग निवेदन तयार होतं. मग नगरपंचायतीच्या दारात माणसं जमतात. सगळे विरोधात असतात. समर्थनाचा कागद घेऊन आलेला एकही माणूस नसतो. याचं कारण सोपं आहे. ज्याला त्रास होईल असं वाटतं तो आज त्या रस्त्यावर राहतो, मतदार आहे, नगरसेवकाला नावानं हाक मारतो. ज्याला घर मिळणार आहे तो कुठंतरी भाड्यानं राहतो. त्याला आपलं नाव यादीत येईल याची खात्री नसते, म्हणून तो दिवसाची मजुरी बुडवून सभेला येत नाही. विरोधाला चेहरा असतो, गरजेला नसतो. आणि निर्णय चेहरे बघून होतात.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की त्यावर लोकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवतात. दोन शब्द आहेत. आपल्याला पहिलाच ऐकू येतो. सूचना म्हणजे काय? ‘ही वसाहत व्हावी, पण पाण्याची टाकी आधी व्हावी’ ही सूचना आहे. ‘घरकुलांसाठीचं आरक्षण उठवू नका’ ही सूचना आहे. ‘आमचा पाठिंबा आहे, या पाच अटींसह’ हीसुद्धा सूचना आहे. ती लेखी द्यायची, सही करायची, आवक क्रमांक आणि पोच घ्यायची. ती फाइलला लागते. उद्या कोणी म्हणालं की ‘गावाचा विरोध आहे’, तर फाइलमध्ये दुसराही कागद असतो.

याची ताकद बघायची असेल तर सोलापूरला जा. तिथं विडी वळणाऱ्या बायका झोपडपट्टीत राहायच्या. त्यात तेलुगू भाषक पद्मशाली होत्या, मुस्लिम होत्या, दलित होत्या. नरसय्या आडम, ज्यांना सगळे आडम मास्तर म्हणतात, त्यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी घरांसाठी सहकारी संस्था काढल्या. मीनाक्षीताई साने यांच्या नावाची १,६०० घरांची वसाहत झाली. कुंभारी गावाजवळ कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचं वाटप झालं. त्यानंतर रे नगर: ३०,००० घरांची योजना. तिचं भूमिपूजन ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान मोदींनी केलं आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांचं हस्तांतरणही त्यांनीच केलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, ड्रायव्हर असे लोक तिथं घरमालक झाले.

यातून काय घ्यायचं? मागणी करणारे लाल झेंड्याचे होते, एका वेळी दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं, दुसऱ्या वेळी भाजपचं. तरी घरं झाली. कारण घर मागणारी माणसं संघटित होती, त्यांची यादी तयार होती, संस्था नोंदलेली होती, आणि ती माणसं रस्त्यावर दिसत होती. त्या बायकांनी ‘आमच्या जातीची वसाहत’ मागितली नाही. ‘विडी कामगारांची वसाहत’ मागितली. म्हणून शेजारी शेजारी वेगवेगळ्या धर्मांची दारं आली. आपल्याला ३०,००० घरं नको आहेत. सेलूला २०० घरं झाली तरी पुष्कळ. पण रीत तीच लागेल.

आता विरोधाचे मुद्दे. ते सगळेच खोटे असतात असं समजू नका. समोरच्याला वेडा ठरवून कोणाचा पाठिंबा मिळत नाही.

पहिला मुद्दा पाण्याचा. हा खरा मुद्दा आहे. मी इंजिनिअर असल्यामुळे गणित केल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून एक साधं गणित करू. २०० घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे १,००० माणसं. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. नळ आहे पण गटार योजना नाही अशा गावात ७० लिटर धरतात. मोठा आकडा घेतला तरी रोजचं पाणी १ लाख ३५ हजार लिटर होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साधारण साडेतेरा टँकर. हा आकडा घाबरवणारा नाही आणि दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. शिवाय यातली निम्मी कुटुंबं आज सेलूतच कोंबून राहत असतील तर ती आजही इथलंच पाणी पितात. पाणी माणूस पितो, घर पीत नाही. म्हणून ‘वसाहत नको’ म्हणण्यापेक्षा ‘टाकी आणि जलवाहिनी झाल्याशिवाय ताबा देऊ नका’ असं लिहून द्या. विरोध करणारा आणि समर्थन करणारा, दोघंही या अटीवर सही करू शकतात.

दुसरा मुद्दा शेतजमिनीचा. काळी, ओलिताची जमीन घरांखाली गेली की परत येत नाही. बोर धरणाच्या कालव्यावर शेती करणाऱ्या माणसाला हे वाईट वाटणारच. पण मग कमी जमिनीत जास्त कुटुंबं बसवायला हवीत. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा यांसाठी दोन पंचमांश सोडले तर साधारण २६,००० चौरस फूट उरतात. त्यात १,५०० चौरस फुटांचे सतरा प्लॉट पडतात. म्हणजे सतरा कुटुंबं, तीही सगळ्यांनी बांधलं तर. त्याच एकरात तळमजला अधिक दोन मजले अशा साध्या इमारती बांधल्या आणि एका घराला जिना-भिंतींसह ४५० चौरस फूट धरले, तर ६० कुटुंबांना मिळून २७,००० चौरस फूट बांधकाम लागतं. तीन मजल्यांत विभागलं की जमिनीवर ९,००० चौरस फूट. बाकीच्या जागेत रस्ता, झाडं, अंगणवाडी, मुलांना खेळायला मैदान. ज्याला शेती वाचवायची आहे त्यानं खरं तर या वसाहतीला पाठिंबा द्यायला हवा आणि रिकाम्या पडणाऱ्या लेआउटवर हरकत घ्यायला हवी.

तिसरा मुद्दा ‘बाहेरचे लोक येतील’. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण हा मुद्दा आपल्या अंगावर येतो.

बाहेरचा कोण? ग्रामीण रुग्णालयातली नर्स बाहेरची आहे. शाळेतले मास्तर बाहेरचे आहेत. महामार्गाच्या कामावर आला आणि इथंच राहिला तो बिहारचा मिस्त्री बाहेरचा आहे. बटाईनं शेती करायला आलेलं कुटुंब बाहेरचं आहे. आणि ज्यांच्या चार पिढ्या इथल्या कब्रस्तानात आहेत त्या आपल्याला निवडणुकीच्या काळात कोणी ना कोणी बाहेरचं म्हणतोच. ज्याला हा शब्द लागतो त्यानं तो दुसऱ्याला लावू नये. आपल्या मोहल्ल्यातही मी ऐकतो: ‘ते लोक आपल्यात नकोत, कोणत्या जमातीचे आहेत काय माहीत.’ भाड्याची खोली देताना आपणही बिरादरी विचारतो. हे आधी बंद करायला हवं.

वडोदऱ्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल. हरणी भागात महापालिकेनं सरकारी आवास योजनेत ४६२ सदनिकांची वसाहत बांधली. २०१७ मध्ये एका मुस्लिम महिलेला तिथं रीतसर घर मिळालं. ती मुलाला घेऊन तिथं राहायला जाणार होती. तिथल्या काही रहिवाशांनी तिचं घर रद्द करा म्हणून अर्ज दिले. २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा आंदोलन झालं तेव्हा ही बातमी देशभर गेली. घर कायद्यानं तिचं होतं. पण ज्या दारासमोर शेजारी घोषणा देत उभे आहेत त्या दारातून लेकराला घेऊन कोणती आई आत जाईल?

याच शहरात १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी आला होता. त्याला राहायला जागा मिळेना. शेवटी तो एका पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहिला. काही दिवसांत लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्याला बाहेर काढलं. ओळखीच्या हिंदू मित्रानं घरात घेतलं नाही, ख्रिस्ती मित्रानंही नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यात एक गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. त्यांना हाकलणारे लोक स्वतः अल्पसंख्य होते. अल्पसंख्य असल्यानं माणूस आपोआप न्यायी होत नाही.

म्हणून मला ‘स्थानिक पाठिंबा’ हा विषय महत्त्वाचा वाटतो. कायदा किल्ली देतो, पण उंबरठ्यावर शेजारी असतो. योजना मंजूर करून घेणं हे अर्धं काम आहे. शेजाऱ्यांनी ‘या’ म्हणणं हे उरलेलं अर्धं काम आहे. आणि ते काम वसाहत बांधायच्या आधी करावं लागतं.

आता आपल्या तरुणांमध्ये गेल्या काही वर्षांत ऐकू येणारी एक कल्पना. ‘आपण दहा-वीस जण मिळून दोन एकर घेऊ, आपलाच लेआउट पाडू, तिथं आपलेच लोक राहतील.’ ही कल्पना कुठून येते ते मला माहीत आहे. नोकरीच्या शहरात मी घर शोधत होतो तेव्हा फोनवर सगळं ठरायचं. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं. मग पूर्ण नाव विचारलं जायचं, आणि थोड्या वेळानं निरोप यायचा की घर आधीच दुसऱ्याला दिलंय. तुमच्यापैकी नागपूर-पुण्याला राहणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक तरी आठवण असेल. त्यामुळे ‘आपलाच लेआउट’ म्हणणाऱ्याला मी हसणार नाही. त्याची भीती खरी आहे.

पण भीतीलाही बाजारभाव असतो, आणि तो आपणच मोजतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली. तिथं त्यांना सुरक्षित वाटलं. पण ज्याला दुसरीकडे घरच मिळत नाही त्याला बिल्डर कागद दाखवत नाही, आणि तोही मागत नाही. त्या पट्ट्यात परवानगी नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ अशीच एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. त्यात मुलं होती, बांधकाम मजूर होते, सगळ्या धर्मांची गरीब माणसं होती. वेगळी वस्ती झाली की आणखी एक गोष्ट होते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंदलं आहे की असुरक्षिततेमुळे मुस्लिम एकाच वस्तीत गोळा होतात आणि मग त्या वस्तीकडे नागरी सोयींच्या बाबतीत दुर्लक्ष करणं सोपं जातं. रस्ता, गटार, शाळा, बँक सगळं उशिरा येतं. कोणाला कळत नाही, कारण दुसरं कोणी तिथं राहत नाही.

वर्धा जिल्ह्यात आपण संख्येनं थोडे आहोत. आपल्या दोन एकरांसाठी नगरपंचायत जलवाहिनी टाकेल का? पण २०० घरांच्या मिश्र वसाहतीत बौद्ध, तेली, कुणबी, आदिवासी आणि मुस्लिम कुटुंबं असतील तर पाणी नाही आलं की सगळे मिळून घागरी घेऊन जातील.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. खासगी मालकाला तुम्हाला प्लॉट विकायचा नसेल तर तो शंभर कारणं सांगू शकतो. राज्यघटनेच्या कलम १९ नं देशात कुठंही राहण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, पण ते घेऊन खासगी मालकाच्या दारात भांडता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, असं आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याचं कलम २३ म्हणतं. तरी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवू दिलं. मग नाव न विचारता घर कुठं मिळतं? जिथं निकष लेखी असतात आणि सोडत सगळ्यांसमोर निघते तिथं. म्हणजे सरकारी घरकुल योजनेत. म्हणून आपल्या समाजाचा स्वार्थ आणि घटनेचा अर्थ इथं एका जागी येतात. अशी योजना गावात यावी यासाठी सगळ्यात आधी आपण उभं राहायला पाहिजे.

आता योजनेचं बोलू. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. पाच वर्षांत १ कोटी शहरी कुटुंबांचं लक्ष्य आहे. आपली नगरपंचायत आहे, म्हणून शहरी योजना आपल्याला लागू होते. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेलं कुटुंब दुर्बल घटकात येतं. स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर केंद्र आणि राज्य मिळून २.५ लाखांचं अनुदान आहे. ते अनुदान आहे, कर्ज नाही, त्यामुळे ज्यांना व्याजाची अडचण वाटते त्यांनीही अर्ज करायला काही आडवं येत नाही. देशात कुठंही पक्कं घर नको ही अट आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे एकाच छताखाली राहणारा लग्न झालेला भाऊ हे वेगळं कुटुंब. आपल्याकडे बरेच जण ‘घर अब्बूंच्या नावावर आहे, मग मला कसं मिळणार’ म्हणून अर्जच करत नाहीत. विधवा, एकट्या स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर अल्पसंख्याकांनाही या योजनेत प्राधान्य आहे.

आपलं घोडं बहुतेक वेळा कागदावर अडतं. घराची जागा आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली, वारसनोंद झालेली नाही. नगरपंचायत मालकीचा कागद मागते, बँकही मागते. मग आपण म्हणतो की आपल्याला मुद्दाम डावललं. कधी डावलतातही. पण कागद पूर्ण असताना डावललं तरच भांडता येतं. वारसनोंद करताना बहिणींची नावं लागतील. तिथं ‘सही कर, हक्क सोड’ असं म्हणून तिला मोकळं करायची रीत आपल्यात आहे. शरियतचं नाव आपण येता-जाता घेतो, आणि शरियतनं दिलेला बहिणीचा हिस्सा मात्र तिच्या सहीनं काढून घेतो. बहिणीचं नाव गाळून घेतलेल्या कागदावर न्यायाची इमारत उभी राहत नाही.

या योजनेत घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करावं लागतं. आपल्या चळवळीच्या दृष्टीनं ही अट फार मोलाची आहे. २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ मध्ये कायदा झाला. तरीही घरातून बाहेर काढलेल्या बाईचा पहिला प्रश्न असतो, ‘आज रात्री झोपू कुठं?’ त्या प्रश्नाचं उत्तर दाराच्या पाटीवर असतं. घर तिच्या नावावर असेल तर बाहेर कोणी जायचं हे वेगळ्या पद्धतीनं ठरतं. नव्या वसाहतीला पाठिंबा देताना आपण ही अट मोठ्यानं सांगितली पाहिजे, मशिदीच्या बाहेरही आणि घरातही.

आणि लेआउटमध्येच प्लॉट घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर प्रकल्पाची महारेरामध्ये नोंदणी लागते, प्लॉटच्या लेआउटलासुद्धा. नोंदणी क्रमांक वेबसाइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. दुसरं, मंजूर नकाशा. मोकळ्या जागेवर आणि रस्त्यावर प्लॉट पाडून विकलेले असतात ते नकाशा बघितल्यावरच कळतं. विकणारा आपला आहे, नमाजी आहे, म्हणून कागद बघायचा नाही असं करू नका. मुंब्र्याच्या पट्ट्यात विकणारेही बऱ्याचदा आपलेच होते.

आता काम. चार तरुणांची आणि चार मुलींची एक टीम करा. मोहल्ल्यात, बौद्ध वस्तीत, मजुरांच्या वस्तीत जाऊन ज्यांना घर नाही त्यांची यादी करा. फक्त आपल्या लोकांची केली तर ती यादी कोणी गंभीरपणे घेणार नाही, आणि घेऊ नये. प्रत्येकाचा कोणता कागद कमी आहे ते त्याच्या नावासमोर लिहा. नगरपंचायतीत माहितीच्या अधिकाराखाली विचारा की घरकुलांसाठी कोणती जागा राखीव आहे, किती अर्ज आले, किती मंजूर झाले. मग पाठिंब्याचं निवेदन लिहा. त्यात अटी घाला: पाणी आधी, रस्त्यावर दिवे आणि गटार, मुलांना पायी जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा, सोडत सगळ्यांसमोर, घर बाईच्या नावावर, आणि वसाहतीत कोणत्याही एका समाजाचं वेगळं विंग नको. त्यावर शेजारच्या शेतकऱ्याची सही घ्या, दुकानदाराची घ्या. विरोध करणाऱ्याकडे आधी जा. त्याचं ऐका. त्याची अट योग्य असेल तर निवेदनात घाला. ज्याची अट कागदावर आली तो माणूस उद्या दारात घोषणा द्यायला उभा राहत नाही.

जोतिराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी आपल्या घरात त्यांना जागा दिली, असं सांगितलं जातं. फातिमा शेख यांचं नाव आपण अभिमानानं घेतो, पोस्टरवर लावतो. तो अभिमान खरा असेल तर आपल्या गावात घर मागायला आलेल्या माणसाची जात-धर्म न विचारता त्याच्या अर्जावर पहिली सही आपली असली पाहिजे.

इथून पवनार जवळ आहे. १९५१ मध्ये विनोबा तिथूनच पायी निघाले आणि तेलंगणात भूदानाची सुरुवात झाली. लोकांनी जमिनी दिल्या. त्यातल्या काही कसायच्या लायकीच्या नव्हत्या, काहींचे कागद आजही पूर्ण नाहीत. मन मोठं असून भागत नाही, कागदही पूर्ण असावा लागतो. तुम्ही दोन्ही सांभाळा.

पुढच्या जुम्म्याला येताना प्रत्येकानं आपल्या घराच्या जागेचा कागद घेऊन या. आखीव पत्रिका असेल, सातबारा असेल, नुसती कराची पावती असेल तरी चालेल. कोणाच्या नावावर काय आहे ते एकत्र बसून बघू, आणि यादीची सुरुवात तिथूनच करू.